विषाआधी दिलेला काढा

कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव एके काळी मोठे गुणी समजले जाई. पेटत नाही, कपड्यावरचा तेलाचा डाग चटकन उचलते, वासही गोडसर. ते ड्रायक्लीनिंगच्या दुकानांत असे, आग विझवायच्या काचेच्या गोळ्यांत असे, आणि १९२१ नंतर काही वर्षे ते औषध म्हणून पोटातही जाई. अमेरिकेच्या शेती खात्यातील मॉरिस हॉल यांनी आतड्यातील अंकुशकृमींवर त्याचा गुण दाखवला आणि मग देशोदेशी लाखो माणसांना ते पाजले गेले. कृमी पडले. काही माणसेही दगावली, आणि त्यांच्या यकृताचा बराच भाग मेलेला आढळला. पुढे ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल कराराने त्याचा सर्वसाधारण वापर बंद पाडला. एका जागी मात्र त्याचा मान टिकून आहे: औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्या उंदराच्या पोटात टोचण्यासाठी.

वनस्पतींचे अर्क रासायनिक विषापासून यकृताला आणि रक्ताला वाचवतात का, हा या पुस्तकाचा विषय. त्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे या टोचणीतून आलेले आहे. म्हणून वाचकाला कुटकी, भुईआवळा, गुळवेल यांच्याकडे नेण्याआधी ती टोचणीच नीट पाहून घेऊ.

प्रयोगाची रीत ठरलेली आहे. उंदरांचे सहा-सहाचे गट करायचे. पहिल्या गटाला काहीच नाही. दुसऱ्याला नुसते विष. तिसऱ्याला मानदंड म्हणून सिलिमरिन हे यकृताचे औषध आणि मग विष. चौथ्याला आणि पाचव्याला आपला अर्क, वजनाच्या किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम, सात दिवस रोज. सातव्या दिवशी विष. चोवीस तासांनी रक्त काढायचे, एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमे मोजायची, यकृताचे काप काचपट्टीवर घ्यायचे. नुसते विष मिळालेल्या गटात हे आकडे आभाळाला भिडतात, अर्क मिळालेल्या गटात खाली राहतात. निष्कर्षाचे वाक्यही ठरलेले: 'सदर वनस्पतीच्या अर्कात लक्षणीय यकृतरक्षक गुण आढळला.' महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या फार्मसी कॉलेजचे ग्रंथालय उघडा, या साच्यातले प्रबंध कपाटभर सापडतील. वनस्पती बदलते, वाक्य तेच राहते. गुण न आढळलेल्या वनस्पतीवरचा प्रबंध शोधायला मात्र दिवस जातो.

हे प्रबंध खोटे आहेत असे मी म्हणत नाही. आकडे बहुधा खरेच असतात. पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न रुग्णाचा नसतो. उंदराला अर्क आधी मिळाला, विष नंतर. माणसाच्या बाबतीत विष आधी येते. उंदीर मारण्याच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस पोटात गेलेला, किंवा तापात पॅरासिटामॉलच्या गोळ्या वेळेचे भान न ठेवता घेतलेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या यकृताचे घड्याळ आधीच सुरू झालेले असते. आठवडाभर आधी काढा घ्यायला हवा होता, हे त्याला सांगून काय उपयोग?

यात आणखी एक मेख आहे आणि ती अधिक खोल आहे. कार्बन टेट्राक्लोराइड मुळात फारसे विषारी नाही. त्याला विषारी बनवते ते खुद्द यकृत. यकृतातल्या सीवायपी२ई१ नावाच्या एन्झाइमच्या हाती ते लागले की त्याचा एक क्लोरीन अणू सुटतो आणि मागे उरतो एक अत्यंत चळवळ्या कण, ट्रायक्लोरोमिथाइल मूलक. तो पेशीच्या पातळ स्निग्ध पडद्यावर तुटून पडतो, प्राणवायूशी जोडला गेला की अधिकच आक्रमक होतो, आणि एका रेणूपासून दुसऱ्यापर्यंत नासाडीची साखळी चालू राहते. हे एन्झाइम यकृताच्या खंडिकेत मधल्या शिरेभोवती जास्त असते, म्हणून मरणाऱ्या पेशीही तिथेच आधी मरतात. आता असे समजा की आपला अर्क या एन्झाइमलाच थंड करतो. विष तयारच होणार नाही, एसजीपीटी वाढणार नाही, आणि आपण लिहू की अर्कात 'अँटिऑक्सिडंट' गुण आहे. प्रत्यक्षात त्याने पेशीचे रक्षण केलेच नाही. त्याने प्रयोगातले विष बिघडवले. पॅरासिटामॉलच्या प्रयोगातही हीच फसगत होते, कारण तिथेही विष घडवण्यात याच एन्झाइमचा हात मोठा आहे. कधी कधी तर अर्काचेही श्रेय नसते. अर्क विरघळवायला जे डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा अल्कोहोल वापरतात तेही हे एन्झाइम रोखते, आणि उंदीर वाचतो तो द्रावकामुळे! तुलनेच्या गटाला तेवढाच द्रावक दिला होता का, हे प्रबंधात शोधून पाहावे. पुष्कळदा त्या जागी मौन असते.

खरे रक्षण कसे दिसते ते पाहायचे असेल तर वनस्पतींच्या जगाबाहेर एक नमुना आहे. पॅरासिटामॉलचा छोटा अंश यकृतात एका घातक पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्याला धरून निकामी करतो. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि तो पदार्थ पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो. हे सारे १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत उलगडले. मग एडिंबरामध्ये प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी ग्लुटाथायोनची भरपाई करणारे एन-ॲसिटाइलसिस्टीन शिरेतून द्यायला सुरुवात केली आणि १९७९ मध्ये शंभर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत औषध सुरू झाले तर यकृत जवळजवळ हमखास वाचते. पुढे दर तासाला हमी कमी होत जाते. कोणते विष, कोणत्या वाटेने मारते, औषध कुठे अडवते आणि किती वेळात द्यायचे हे सगळे इथे स्पष्ट आहे, आणि तेही माणसांवर, विष पोटात गेल्यानंतर. यकृतरक्षक म्हणवणाऱ्या प्रत्येक अर्काला या मापाने मोजावे. ते कठोर वाटेल, पण मापच नसण्यापेक्षा बरे.

या मापाला बऱ्यापैकी उतरलेली एक वनस्पती आहे, ती म्हणजे युरोपातले जांभळ्या फुलांचे काटेरी झुडूप, मिल्क थिसल. त्याच्या बियांतल्या सिलिमरिनवर म्युनिकमध्ये हिल्डेबर्ट वाग्नर यांनी १९६०च्या दशकात काम केले. युरोपात 'डेथ कॅप' नावाचे अळंबे खाऊन दरवर्षी माणसे मरतात. त्यातले अमॅनिटिन यकृतपेशीत शिरून आरएनए बनवणारे यंत्रच बंद करते. सिलिबिनिन हा सिलिमरिनचा मुख्य घटक पेशीच्या ज्या दारातून अमॅनिटिन आत शिरते ते दारच अडवतो. हे विष पित्तातून आतड्यात आणि आतड्यातून पुन्हा यकृतात असे फिरत राहते, त्यामुळे दार उशिरा अडवले तरी काही उपयोग होतो. युरोपात सिलिबिनिन शिरेतून देतात. तिथे मोठी यादृच्छिक चाचणी झालेली नाही, मरणाऱ्या रुग्णांवर ती करणे अवघडच. तरीही कारण समजलेले आहे आणि औषध विषानंतर दिलेले आहे. मात्र याच सिलिमरिनची गोळी हेपेटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर नीट पारखली गेली तेव्हा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी चाचणीत, नेहमीपेक्षा जास्त मात्रा देऊनही प्लॅसिबोहून सरस ठरली नाही. उंदरांच्या तिसऱ्या गटाला मानदंड म्हणून दिले जाणारे हेच औषध. मानदंडाची मजल इतकी, हे चौथ्या-पाचव्या गटाबद्दल लिहिताना विसरू नये.

यकृत आणि रक्त एका पुस्तकात का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आयुर्वेदाच्या अभ्यासकाला तो पडणार नाही. चरकाच्या विमानस्थानात रक्तवह स्रोतसांचे मूळ म्हणून यकृत आणि प्लीहा यांचीच नावे आहेत. आजच्या शरीरशास्त्राने त्याला निराळी कारणे दिली. गर्भात काही महिने रक्त यकृतातच तयार होते. जन्मानंतर ते काम अस्थिमज्जेकडे जाते, तरी रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन आणि बिंबिका वाढवणारे थ्रॉम्बोपोएटिन यकृतच पुरवते. १२० दिवस जगून मेलेल्या तांबड्या पेशींचे बिलिरुबिनही त्यालाच निस्तरावे लागते. म्हणून डोळे पिवळे दिसले की दोन शक्यता असतात: यकृत बिघडले असेल, किंवा रक्त फुटत असेल. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि जाहिरातदार कायमचे विसरतात.

मला या दोघांना जोडणारा सर्वांत महत्त्वाचा दुवा वाटतो तो मघाचाच ग्लुटाथायोन. यकृतपेशी त्याच्यावर जगते तशी तांबडी पेशीही. फरक इतकाच की तांबड्या पेशीत केंद्रक नाही, नवे प्रथिन बनवण्याची सोय नाही. असलेल्या ग्लुटाथायोनला पुन्हा पुन्हा ताजे करून तिला चार महिने काढायचे असतात. त्यासाठी लागणारी शक्ती जी६पीडी नावाच्या एन्झाइमकडून येते. काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मतः उणे असते. १९५६ मध्ये अमेरिकेत हिवतापावरच्या प्रायमाक्विनने काही जणांचेच रक्त का फुटते याचा शोध घेताना ही उणीव सापडली. मुंबईच्या पारशी समाजात आणि आपल्याकडच्या अनेक आदिवासी समाजांत ती तुलनेने अधिक आढळते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातले तर नॅप्थलिनच्या वाफेनेही त्याचे रक्त फुटू शकते. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनने फुटते. आणि वनस्पतींच्या पुस्तकात हेही नोंदले पाहिजे की मेंदीनेही फुटते: मेंदीतले रंगद्रव्य, लॉसोन, कातडीतून शोषले जाऊन अशा बालकांना तीव्र पांडुरोग झाल्याच्या नोंदी मध्यपूर्वेतून आलेल्या आहेत. एकाला रंगणारी मेंदी दुसऱ्याच्या जिवावर उठते, आणि यात मेंदी तीच असते.

रक्ताच्या प्रयोगांतले कार्बन टेट्राक्लोराइड म्हणजे फिनाइलहायड्रॅझिन. एमिल फिशर यांनी ते १८७५ मध्ये बनवले, त्याच्या जोरावर साखरांची रचना उलगडली आणि त्याच्याच संपर्काने स्वतःची प्रकृतीही बिघडवून घेतली. पुढे तांबड्या पेशी अतोनात वाढणाऱ्या रोगात त्या फोडण्यासाठी डॉक्टर ते देत. उंदराला दोन दिवस ते टोचले की हिमोग्लोबिन झपाट्याने कोसळते आणि पेशींत हाइन्झ यांनी १८९०मध्ये वर्णन केलेले गोळे दिसू लागतात. मग दोन आठवडे पालेभाजीचा किंवा एखाद्या सालीचा अर्क द्यायचा आणि हिमोग्लोबिन वर चढताना पाहायचे. ते चढतेच! उंदराची अस्थिमज्जा तरणीबांड असते. विष थांबले की नव्या पेशींचा लोंढा सुरू होतो आणि काहीही न देता दोन-तीन आठवड्यांत बहुतेक भरपाई होते. प्रश्न एवढाच की अर्काने ती भरपाई किती दिवसांनी आधी झाली, आणि झाली असेल तर अर्कातल्या गुणामुळे की त्यातल्या लोहामुळे. बेंझिन आणि शिसे यांची गोष्ट निराळी आहे. इस्तंबूलच्या चपला-बूट बनवणाऱ्या कारागिरांत बेंझिनयुक्त चिकटद्रवामुळे अस्थिमज्जा आटण्याचे आणि रक्ताचा कर्करोग होण्याचे प्रमाण मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७०च्या दशकात दाखवले. शिसे हिमोग्लोबिनच्या घडणीतली एन्झाइमे अडवते. इथे विष एकदा येऊन जात नाही, रोज येते. रोज येणाऱ्या विषावर पहिला उपाय ते येणे थांबवणे हा आहे. कामगाराला बेंझिनच्या खोलीत बसवून वर काढा पाजणे याला मी संरक्षण म्हणणार नाही, मग काढा कितीही चांगला असो.

आपोआप भरून येण्याची गोष्ट निघालीच आहे तर काविळीकडे वळावे लागेल. महाराष्ट्रात 'कावीळ उतरवणारा' माणूस पंचक्रोशीत एखादा तरी असतोच. कोणी एरंडाच्या पानांचा रस देतो, कोणी भुईआवळ्याचा, कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो आणि ती लांबत जाईल तशी कावीळ उतरते असे सांगतो. बहुतेक रुग्ण खरोखर बरे होतात. कारण आपल्याकडची बहुसंख्य कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई विषाणूंची. ती काही आठवड्यांत आपली आपण जाते, गरोदर बाईला होणारी ई कावीळ हा त्यातला भीषण अपवाद. माळ वाळून गाठी सैल झाल्या की लांबतेच. या अनुभवातून पिढ्यान्पिढ्या जो विश्वास साठला तो टिंगलीचा विषय नाही. त्यातूनच संशोधकांना कोणती झाडे तपासायची याचे धागेदोरे मिळाले. पण त्या विश्वासाच्या आधारे विषाणूच्या काविळीचा दाखला औषधाने किंवा विषाने झालेल्या काविळीला लावणे धोक्याचे आहे. दुसऱ्या प्रकारात वाट पाहणे महागात पडते.

भुईआवळ्याची कहाणी याच वाटेवरची. हेपेटायटिस बीचा विषाणू शोधून १९७६चे नोबेल मिळवणारे बारुख ब्लुमबर्ग आणि चेन्नईचे त्यागराजन यांनी १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवले की भुईआवळा घेणाऱ्या ३७ विषाणूवाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे निशाण गेले, तर प्लॅसिबोवरच्या २३ पैकी फक्त एकाचे. देशभर भुईआवळ्याला भाव आला. नंतर इतर ठिकाणच्या चाचण्यांत हा निकाल पुन्हा मिळाला नाही. का, याची एक शक्यता बाजारातच दिसते. भुईआवळा म्हणून विकल्या जाणाऱ्या पेंडीत फायलँथसच्या तीन-चार जाती सहज मिसळलेल्या असतात. गंमत म्हणजे ज्या जातीवर सर्वाधिक काम झाले ती फायलँथस अमारस मूळची अमेरिका खंडातली. आपल्या प्राचीन ग्रंथांतली भूम्यामलकी ती असणे कठीण.

कुटकीवर मुंबईत चांगले काम झाले. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये विषाणूजन्य काविळीच्या ३३ रुग्णांवर कुटकीच्या मुळाची पूड आणि प्लॅसिबो यांची तुलना केली. ना डॉक्टरला ना रुग्णाला ठाऊक, कोणाला काय मिळते. कुटकीच्या गटात बिलिरुबिन लवकर उतरले. त्याआधी याच परंपरेत आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधाचीही अशी चाचणी झाली होती. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीतून पिक्रोलिव्ह वेगळे काढले. एवढे असून कुटकीला रासायनिक विषाच्या रुग्णांवर अजून कसोटी द्यायची आहे. दरम्यान हिमालयाच्या उंच कुरणांत ती मुळासकट उपटली जात असल्याने दुर्मीळ होत चालली आहे. प्रत्येक नव्या 'लिव्हर टॉनिक'च्या बाटलीमागे डोंगरावरचे एक झाड कायमचे जाते, याचा हिशेब कोणत्याही प्रबंधात मला दिसला नाही.

पण या पुस्तकातली सर्वांत बोलकी वनस्पती माझ्या मते गुळवेल. १९९३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. बापट आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर एक चाचणी केली. शस्त्रक्रियेआधी पित्त बाहेर काढण्याच्या काळात निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली. नुसत्या नेहमीच्या उपचारांवरच्या गटात निम्म्या जणांत रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची चिन्हे दिसली. गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाणही कितीतरी चांगले होते. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचे वाक्य मात्र वगळले जाते: यकृताच्या तपासण्यांत दोन्ही गट सारखेच होते. फरक होता रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींच्या जंतू गिळण्याच्या आणि मारण्याच्या ताकदीत. गुळवेलीने यकृताला हात लावला नव्हता. तिने प्रतिकारशक्तीला जागे केले होते.

आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे पुढे या. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात त्याच मुंबईत यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले, गुळवेल घेऊन कावीळ झालेले. त्यांच्या यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याची चिन्हे होती. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की या रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असावी, खरी गुळवेल नव्हे. आक्षेप रास्त आहे, ही अदलाबदल होते. मात्र तो सगळ्या रुग्णांना लागू पडेल असे मला वाटत नाही. १९९३ च्या चाचणीत जो गुण जीव वाचवत होता तोच, ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर दात धरून आहे त्याच्या बाबतीत, उलटला असणे सहज शक्य आहे. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. 'गुळवेल यकृताला चांगली की वाईट' हा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरतो. कोणाला, कशासाठी, किती दिवस, हे विचारावे लागते.

हळदीचेही असेच झाले. स्वयंपाकातली चिमूटभर हळद निराळी आणि कर्क्युमिन एकवटून, वर ते रक्तात जास्त शिरावे म्हणून मिऱ्याचे पायपरिन घालून केलेली कॅप्सूल निराळी. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतून आणि इटलीतून आल्या, आणि एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय ठेवा असणाऱ्यांना धोका अधिक दिसला. झाड म्हणजे निरुपद्रवी हा समज तर १९७५ मध्ये मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागाने (आता तो छत्तीसगडमध्ये आहे) कायमचा पुसायला हवा होता. तिथल्या आदिवासींच्या भरड धान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रोपट्याचे बी मिसळले गेले, त्यातल्या अल्कलॉइडांनी यकृतातल्या बारीक शिरा बंद केल्या. ६७ जणांची नोंद झाली, त्यातले २८ दगावले. आणि २००४ मध्ये बोस्टनच्या भारतीय-दक्षिण आशियाई दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. रक्त वाढवायला घेतलेल्या गोळीतल्या शिशानेच हिमोग्लोबिन उतरावे, याहून कडू विनोद नाही.

मात्रेचा हिशेबही वाचकाने स्वतः करून पाहावा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २००५ च्या मार्गदर्शक सूत्राने माणसाला ते साधारण किलोमागे ६५ मिलिग्रॅम होते. साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ चार ग्रॅम सुका अर्क. वाळलेल्या वनस्पतीतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले तर रोजची चाळीस ग्रॅम वनस्पती. शार्ङ्गधराच्या रीतीने सोळापट पाण्यात उकळून अष्टमांश उरवलेला काढा पाण्यात विरघळणारे तेवढेच देतो. प्रयोगशाळेतला मेथनॉल किंवा इथिल ॲसिटेटचा अर्क निराळाच ऐवज काढतो. आजीचा काढा आणि प्रबंधातला अर्क यांना एकाच नावाने हाक मारली जाते, एवढेच त्यांचे नाते.

मग 'रक्षक' या कल्पनेला माणसाच्या वैद्यकात प्रामाणिक जागा आहे कुठे? आहे. विष कोणत्या तारखेला येणार हे आधीच ठाऊक असते तिथे. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड रोज, महिनोन्महिने घ्यावी लागतात आणि तिन्ही यकृताला जड. बंगळुरूच्या एका रुग्णालयाने २०१० मध्ये औषधांनी यकृत बिघडलेल्या ३१३ रुग्णांचा लेखाजोखा मांडला, त्यातले ५८ टक्के क्षयाच्या औषधांचे होते. केमोथेरपीत तर रक्तपेशी कोणत्या दिवशी तळाला जाणार तेही सांगता येते. इथे अर्क विषाआधी आणि विषाबरोबर देणे हे उंदरांच्या प्रयोगाचे खरे प्रतिरूप ठरते. हळद आणि गुळवेल देऊन क्षयरोग्यांवर केलेली एक मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निकाल उत्साह वाटावा असा होता. पण तुलनेच्या गटाला प्लॅसिबो नव्हते, नुसती क्षयाची औषधे होती. शिवाय अर्काने रिफाम्पिसिनची रक्तातली पातळी बदलली तर यकृत वाचेल आणि क्षय उरेल. ही चाचणी कडक रीतीने पुन्हा करणे आपल्या देशाच्या हातचे आहे. रुग्ण, वनस्पती आणि प्रयोगशाळा तिन्ही इथेच आहेत.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने प्रत्येक दाव्यापाशी थांबून अर्क विषाआधी दिला की नंतर, हे पहिल्यांदा पाहावे. घरात कोणी क्षयाची, संधिवाताची किंवा कर्करोगाची औषधे घेत असेल आणि सोबत एखादा काढा किंवा चूर्णही चालू असेल, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. एसजीपीटी वाढलेला दिसला की दोन्हींचा विचार व्हायला हवा, आणि क्षयाच्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्या विद्यार्थ्यांना या विषयात प्रबंध करायचा आहे त्यांना माझी विनंती साधी आहे: अर्क विषानंतर दिलेला एक गट ठेवा, द्रावकाचा एक गट ठेवा, सीवायपी२ई१ मोजा, न आढळलेला गुणही छापा, आणि वापरलेल्या वनस्पतीचा नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात, आघारकर संस्थेत किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक प्रबंधात द्या. तो क्रमांक नसेल तर परीक्षकांनी प्रबंध परत पाठवावा.